बटण कुणासाठी?

"तू तिकडे नक्की करतेस तरी काय?" भारतात गेलं की दर खेपेला कुणी ना कुणी हे विचारतंच. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे फिजिओथेरपीच ना?" आणि लगेच आपला गुडघा पुढे करतो. मी गुडघा बघत नाही, त्या गुडघ्यासकट तुम्ही घरात कसे वावरता ते बघते, असं एकदा समजावून सांगितलं. त्यावर एका काकांनी विचारलं, "हे काय शिकावं लागतं?" असो.

शिकावं लागतं. आणि गंमत म्हणजे ते शिकवणारी आशियातली पहिली शाळा आपल्या मुंबईतच निघाली. १९५० साली, केईएम रुग्णालयात. ती काढली कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. १९५२ साली या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक दहा देशांत भारतही होता. इतकं जुनं नातं आहे आपलं या विषयाशी. तरीही घरात नीट वावरता येणं हा कुणीतरी बसून सोडवायचा प्रश्न आहे, हे आपल्याला अजून फारसं पटलेलं नाही. आपल्याकडे त्याला "वय झालं आता" असं म्हणतात आणि विषय मिटतो.

इथे इंग्लंडमध्ये मी एका काउन्सिलमध्ये (आपल्या महापालिकेची चुलत बहीण समजा) प्रौढांच्या देखभालीच्या विभागात काम करते. म्हातारी माणसं, अपंग माणसं, अपघातात मेंदूला मार बसलेले, जन्मतःच शिकायला-समजायला जड जाणारे तरुण. या सगळ्यांना केअर होममध्ये न जाता आपल्या घरात, आपल्या पद्धतीने राहता यावं म्हणून काय करता येईल ते बघायचं, हे आमचं काम. कुणाच्या संडासाशेजारी धरायला दांडा लावायचा, कुणाच्या खुर्चीचे पाय उंच करायचे, कुणाला वेळ झाली की वाजणारा आणि तेवढ्याच गोळ्या पुढे करणारा डबा द्यायचा. आणि बऱ्याच जणांना द्यायचं एक लाल बटण, गळ्यात अडकवायचं.

आज लिहायचंय ते या बटणाबद्दल आणि त्याच्या भावंडांबद्दल. कारण आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (तुमच्यापैकी निम्मे त्यातलेच, त्यामुळे तुम्हाला माहीत आहेच) सध्या मावशीच्या घरी काय काय बसवावं यावर जोरदार चर्चा चालू आहे. तिथे चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की वर लगेच सुप्रभातची फुलं येऊन पडतात आणि मुद्दा वाहून जातो. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तर आधी बटण म्हणजे काय ते. पट्ट्यात ओवलेलं किंवा मनगटावर घड्याळासारखं बांधलेलं एक छोटं बटण असतं. घरात एका कोपऱ्यात एक डबा असतो, त्याला स्पीकर आणि माइक. बटण दाबलं की डबा एका केंद्राला फोन लावतो. तिथे चोवीस तास माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोर तुमचं नाव, पत्ता, आजार, जवळच्या माणसांचे फोन नंबर येतात. "काय झालं? पडलात का?" असं ते डब्यातून विचारतात. मग शेजारणीला फोन, किंवा लेकाला फोन, किंवा काउन्सिलचं फिरतं पथक असेल तर ते, किंवा थेट रुग्णवाहिका. दाराबाहेर आकड्यांच्या कुलपाची एक छोटी पेटी असते, तिच्यात घराची किल्ली. म्हणजे येणाऱ्याला दार फोडावं लागत नाही. याच्या जोडीला आता पडल्याचं आपोआप ओळखणारं यंत्र असतं, रात्री उठलेला माणूस बराच वेळ परत आला नाही तर कळवणारी बिछान्याखालची पट्टी असते, दार अवेळी उघडलं तर सांगणारा सेन्सर असतो, गॅस बंद करणारा कॉक असतो. यादी मोठी आहे.

ऐकायला छान वाटतं ना? आहेच छान. पण केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदीच्या पुढच्या लोकांचा एक अभ्यास केला होता, तो २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. एकटं असताना पडलं आणि उठता येत नसलं तर ही माणसं काय करतात, हे त्यांनी बघितलं. बऱ्याच जणांकडे मदतीचं बटण होतं. तरीही जी माणसं बराच वेळ जमिनीवर पडून राहिली, त्यातल्या बहुतेकांनी ते दाबलंच नव्हतं.

का दाबत नाहीत? मी ज्या घरांत जाते तिथली कारणं सांगते. बटण खुंटीवर असतं. बटण पलंगाच्या कठड्याला असतं. बटण पाकिटातून निघालेलंच नसतं, कारण "ते अगदी वेळ आली की वापरायचं". गळ्यात असलं तरी रात्री दोनला कुणाला उठवायचं, म्हणून दाबत नाहीत. दाबलं की हॉस्पिटलात नेतील, तिथून परत घरी सोडणार नाहीत, ही भीती तर फार जणांना असते. आणि काही जण मला अगदी सरळ सांगतात की हे घातलं की आम्ही म्हातारे दिसतो.

असंच सांगणाऱ्या एक बाई होत्या. तपशील बदलून सांगते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, हात थरथरणारे, दोनदा पडलेल्या. मुलीने हौसेने बटण आणून दिलेलं. ते दाराच्या कडीला लटकत होतं, आई ते घालत नाही म्हणून मुलगी चिडलेली. मी बाईंना बटणाबद्दल विचारलंच नाही. दिवसभरात तुम्हाला स्वतःच्या हाताने करायला आवडेल असं काय राहून जातंय, असं विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळचा चहा. किटली उचलवत नाही, म्हणून मदतनीस येईपर्यंत थांबावं लागतं. ती येते साडेनऊला आणि बाई उठतात सहाला. साडेतीन तास चहाशिवाय.. तुम्हीच विचार करा!

किटली ठेवून नुसती कलती करायची एक साधी चौकट मिळते. पाणी ओतताना ती उचलावी लागत नाही. ती दिली. चहा खिडकीपाशी न्यायला चाकांचं ट्रॉलीटेबल दिलं, ते धरून चालताही येतं. न्हाणीघरात दोन दांडे लावले. हे सगळं झाल्यावर त्यांनी स्वतःहून बटणाचा विषय काढला. गळ्यात नको म्हणाल्या, पण अंघोळीच्या वेळी मनगटावर बांधीन. कारण पडायची भीती त्यांनाही तिथेच वाटत होती. कुठे, कधी, कसं हे त्यांनी ठरवलं आणि तेवढं त्या पाळतात.

इतकी वर्षं या कामात काढल्यावर मी उपकरणांची विभागणी माझ्यापुरती दोन गटांत करते. काही उपकरणं हात देतात, काही डोळा ठेवतात. किटलीची चौकट, दांडा, वॉकर, ऐकू येण्याचं यंत्र, मोठ्या आकड्यांचा फोन, बोलून लावता येणारा दिवा, वेळेवर वाजणारा गोळ्यांचा डबा ही हात देणारी. ती आली की माणसाला काल जे जमत नव्हतं ते आज जमतं. सेन्सर, कॅमेरा, जागा सांगणारा ट्रॅकर ही डोळा ठेवणारी. त्यांच्यामुळे म्हाताऱ्या माणसाला नवीन काही करता येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी कळतं, एवढंच. ते कळणंही कधीकधी फार मोलाचं असतं, नाही असं नाही. पण त्यातून ज्याला आराम मिळतो तो बहुतेक वेळा खुर्चीत बसलेला म्हातारा नसतो, फोन हातात घेऊन बसलेला मुलगा असतो. लाल बटण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. ते माणसाने स्वतः दाबायचं असतं, म्हणून मला ते त्यातल्या त्यात आवडतं.

हे नुसतं माझं मत नाही. इंग्लंडच्या सरकारने २००८ साली कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचं न्यूहॅम अशा तीन ठिकाणी फार मोठी चाचणी सुरू केली. घरात बसवायच्या अशा यंत्रणेसाठी त्यात सुमारे २६०० लोक होते. काहींना ती दिली, काहींना नेहमीचीच सेवा. २०१३ साली निष्कर्ष आले. वर्षभरात हॉस्पिटलात जाण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडलेला नव्हता. पुढे खास स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ४९५ लोकांची दुसरी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. एका गटाला धुराचा अलार्म, बटण अशी साधी साधनं दिली होती आणि दुसऱ्या गटाला तपासणी करून मोठा संच. मोठा संच मिळालेले लोक जास्त काळ स्वतःच्या घरी राहू शकले, असं काही दिसलं नाही.

आता यावर लोक दोन टोकाची मतं मांडतात. एक म्हणजे हे सगळं थोतांड आहे. दुसरं म्हणजे यंत्रं जुनी होती, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, आता बघाच. मला दोन्ही पटत नाहीत. यंत्राने "आजी पडल्या" असं अचूक सांगितलं तरी आजींना उचलायला कुणीतरी जावंच लागतं, आणि त्या आधी आजी का पडतात ते कुणीतरी बघावं लागतं. पायात सैल सपाता आहेत का? रक्तदाबाची गोळी जास्त होते आहे का? रात्री संडासाला जाताना दिवा लागतो का? यंत्र हुशार झालं तर निरोप लवकर जाईल, चांगलंच आहे. पण निरोप म्हणजे मदत नव्हे. काउन्सिलांकडे पैसे कमी पडायला लागले की नेमकी इथे गल्लत होते. मदतनिसाची अर्ध्या तासाची फेरी काढून तिच्या जागी एक सेन्सर बसतो आणि कागदावर त्याचं नाव "स्वावलंबन" असं लिहिलं जातं. त्या अर्ध्या तासात ती मुलगी चार शब्द बोलायची, पाय सुजलेत का बघायची, फ्रिजमधलं दूध नासलंय का बघायची. सेन्सर यातलं काही करत नाही. कागदावर मात्र पैसे वाचतात.

यंत्राच्या मागे अजून काय काय उभं असतं हे या देशाने गेल्या काही वर्षांत चांगलंच अनुभवलं. घरोघरची ही बटणं फोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवर चालत आली. त्या तारेला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून येत असे, म्हणून घरची वीज गेली तरी फोन चालू राहायचा. मग सगळे फोन इंटरनेटवर न्यायचं ठरलं. इंटरनेटचा राउटर घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की राउटर बंद, फोन बंद आणि बॅटरी किंवा सिमकार्डची सोय नसेल तर बटणही बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन नावाचं वादळ आलं तेव्हा दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि काही हजार घरं आठवडाभर अंधारात होती. नव्या लाइनवर नेताना काही लोकांची बटणं चाललीच नाहीत आणि गंभीर घटना घडल्या, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने फोन कंपन्यांना बोलावून सक्तीने लाइन बदलणं थांबवायला लावलं. जुनी तार बंद करायची २०२५ अखेरची मुदत पुढे ढकलून जानेवारी २०२७ केली गेली. देशात अशी बटणं वापरणारी सुमारे १८ लाख माणसं आहेत. त्यातल्या कितीजणांना आपलं बटण कुठल्या तारेवर चालतं हे माहीत असेल? त्यांना माहीत असायची गरजही नसावी. पण ते बटण विकत आणून देणाऱ्याला मात्र हे माहीत असायलाच हवं.

इथल्या व्यवस्थेला नावं ठेवायला मी मागेपुढे बघत नाही, पण इथल्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. एक, २०१४ चा केअर ॲक्ट. माणसाचं भलं म्हणजे काय याची यादी त्यात दिली आहे आणि त्यात "स्वतःच्या रोजच्या जगण्यावर स्वतःचा ताबा" हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कायद्याखाली, गरज ठरली तर १००० पौंडांपर्यंतची साधनं आणि घरातले छोटे बदल फुकट करून द्यावे लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट. त्याचं एक तत्त्व असं की एखाद्याने शहाणपणाचा नसलेला निर्णय घेतला, एवढ्यावरून त्याला निर्णय घ्यायची कुवत नाही असं मानायचं नाही. थोडक्यात, म्हाताऱ्या माणसालाही चुकायचा हक्क आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाने बुलेट घेऊन लडाखला जायचं ठरवलं तर आपण फार तर कुरकुरतो. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींनी माळ्यावरचा डबा स्वतः काढायचं ठरवलं तर मात्र आपण त्यांचा माळाच बंद करतो.

डोळा ठेवणारी यंत्रं नेहमी वाईटच, असं मला म्हणायचं नाही. विशीतला एक मुलगा आठवतो. समजायला जड जाणारा, आयुष्यभर आईचा हात धरूनच बाहेर पडलेला. त्याला एकट्याने बसने कामाला जायचं होतं. त्याच्या फोनवर आम्ही चित्रांची सूचना-मालिका लावली. हा थांबा आला की उठायचं, चुकलं तर हे बटण दाबायचं. तो कुठे आहे ते आईला दिसण्याची सोय त्याच्याच संमतीने ठेवली आणि ती बंद कशी करायची हेही त्याला शिकवलं. आता तो जातो-येतो. कधी परत येताना मित्राबरोबर चिप्स खायला थांबतो, तेव्हा ती सोय बंद करतो. आई घाबरते. मला मात्र तो ते बंद करतो हेच सगळ्यात मोठं यश वाटतं!

स्मृतिभ्रंशाचं मात्र खरंच अवघड आहे. घराबाहेर पडून वाट चुकणाऱ्या माणसाच्या खिशात ट्रॅकर असणं आणि दाराला बाहेरून कुलूप असणं यात मी ट्रॅकर निवडीन, डोळे मिटून. तिथे संमती विचारायची वेळ टळून गेलेली असू शकते. म्हणूनच ती आधी विचारून ठेवायची असते, माणूस शुद्धीत आणि गप्पांत असताना. उद्या तुला आठवेनासं झालं तर काय चालेल, काय चालणार नाही? हा प्रश्न आपल्याकडे अशुभ मानतात. इन्शुरन्सचा एजंट चहा पिता पिता तुमच्या मरणावर बोललेला मात्र चालतो.

आता येते आपल्या मावशीकडे. साताऱ्यात एकटी, वय एक्क्याऐंशी, दोन खोल्या पुढे आणि मागे न्हाणी. गेल्या पावसाळ्यात घसरली, नशिबाने मनगटावर निभावलं. दादा मेलबर्नला. त्याची इच्छा चार कॅमेरे लावायची, एक स्वयंपाकघरात, एक हॉलमध्ये, एक झोपायच्या खोलीत आणि एक मागच्या बोळात. मावशीचं म्हणणं, "मी काय सोन्याचं दुकान आहे, कॅमेरे लावायला?"

दादा, तू हे वाचशीलच, म्हणून आधी तुझी बाजू मांडते. तुझी झोप उडाली आहे हे मला माहीत आहे. मी स्वतः समुद्रापलीकडे राहते. रात्री अडीचला भारतातून फोन आला की पोटात काय होतं ते मला कुणी सांगायला नको. दोनदा फोन उचलला नाही की शेजारच्या वहिनींना पळवायचं, हे किती दिवस चालणार? तुझी काळजी खोटी नाही आणि कॅमेरा मागणं हे काही तुझं क्रौर्य नाही.

पण एवढाच विचार कर. ती न्हाणीत घसरली. न्हाणीत तू कॅमेरा लावणार नाहीस, लावूही नयेस. म्हणजे जिथे ती पडते तिथे तुला काही दिसणार नाही आणि जिथे ती केस विंचरते, पदर बाजूला टाकून पंख्याखाली बसते, शेजारणीपाशी सुनेबद्दल चार शब्द बोलते, तिथे सगळं दिसेल. आणि समजा दिसलं, आई पडली. मेलबर्नहून तू काय करणार? वहिनींनाच फोन करणार. मग सुरुवात वहिनींपासून का करू नये?

माझं म्हणणं असं आहे. पहिल्यांदा न्हाणी. भिंतीत पक्का रोवलेला दांडा, टॉवेलची दांडी नव्हे. तिला धरून माणूस उठला तर दांडी आणि माणूस दोघंही खाली येतात. बसून अंघोळ करायला रबरी बुडाचं स्टूल, घसरणार नाही अशी फरशी, उंबऱ्याच्या कडेला रंगीत पट्टी, हालचालीने आपोआप लागणारा दिवा, आणि खाली बसावं लागणाऱ्या संडासावर कमोड खुर्ची. हे सगळं मिळून एका चांगल्या कॅमेरा-संचाइतकं महाग पडणार नाही. दुसरं, बाहेरून उघडता येईल अशी न्हाणीची कडी आणि वहिनींकडे घराची जादा किल्ली. तिसरं, बटण. आपल्याकडेही आता ते मिळतं, आणि तेही नको असेल तर एक कळ दाबली की ठरलेल्या तिघांना फोन जाणारा मोबाइल. मात्र ते तिघे कोण, आणि त्यातला एक तरी पाच मिनिटांत पोहोचेल इतका जवळ आहे का, हे आधी ठरवायचं. वीज गेली तर काय, हेही. साताऱ्यात वीज जाणं ही काही बातमी नसते, इन्व्हर्टर आहे का ते बघ. आणि चौथं म्हणजे वहिनींना नुसतं गृहीत धरू नकोस. त्यांच्याशी बोल, अडीनडीला येणाऱ्या एखाद्या बाईंना रीतसर पगारावर ठेव. इथे इंग्लंडात ज्या कामासाठी केंद्रं आणि पथकं उभी केली, ते काम आपल्याकडे शेजारी फुकट करतात आणि त्याची किंमत आपण दिवाळीच्या फराळाच्या ताटात चुकवतो.

यात सरकारचं काहीच नाही असं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. महाराष्ट्राने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये द्यायचं ठरवलं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन २०२१ मध्ये देशभर आली. चांगलंच आहे. पण हेल्पलाइन सल्ल्याला आणि आधाराला. मध्यरात्री न्हाणीत पडलेल्या माणसापर्यंत पाच मिनिटांत पोहोचणं हे तिचं काम नव्हे. आणि काठी हातात दिली तरी तिची उंची त्या हाताला जुळवून देणारं, ती घेऊन उंबरा कसा ओलांडायचा ते घरी येऊन दाखवणारं कुणीतरी लागतं. कमला निंबकरांनी १९५० साली शिकवायला घेतलं ते हेच. मला तर वाटतं की प्रत्येक तालुक्याला असा एक जरी माणूस नेमला तरी पुष्कळ कॅमेऱ्यांचं काम होऊन जाईल.

माझी विनंती एवढीच आहे, दादाला आणि ज्यांचे आईवडील कुठे ना कुठे एकटे राहतात त्या सगळ्यांना. काहीही विकत घेण्याआधी त्यांच्यासमोर बसा, किंवा फोनवर निवांत बोला, आणि "तुला काय लावून देऊ?" असं न विचारता "तुझं काय अडतंय?" असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा आपल्याला वाटतं ते नसतं. मी काल मावशीला विचारलं. ती पडण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "टीव्हीवरचं ऐकू येत नाही गं, आणि फोनवर दादा काय बोलतो ते निम्मं कळत नाही. मी आपली हो हो करते."

दादा, कॅमेऱ्यांचं नंतर बघू. आधी तिचे कान तपासून घे.